मागच्या भिंतीवरची काच

“काचेला हात लावू नकोस. आणि फुटली, तर केर समजून उचलू नकोस. आधी मला सांग.”

सुभानरावांनी हे सांगितलं तेव्हा त्यांची सून कौमुदी तीन वर्षांच्या मोहनाला वरणभात भरवत होती. मान वर न करताच ती “हो आबा” म्हणाली. त्या महिन्यात तिनं हे दोन शब्द इतक्या वेळा उच्चारले होते की ते तोंडातून निघताना तिला स्वतःलाही ऐकू येत नसत.

भूकंपाला महिना होऊन गेला होता. सव्वीस जानेवारीच्या सकाळी कच्छात जमीन फाटली, तिचा हादरा बडोद्यापर्यंत पोचला आणि हरणीतली त्यांची सगळी सोसायटी, कुणी अर्ध्या दाढीला साबण लावलेलं, कुणी हातात झारा धरलेलं, रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यानंतर घरोघरी एकच उद्योग चालला होता, भिंतीवरच्या भेगा शोधायचा. आबांना तर आयतंच काम मिळालं. टॉर्च घेऊन ते ज्याच्या त्याच्या घरात शिरत, भिंती ठोकून बघत आणि चहा पिऊन निकाल देत. गच्चीवरची पाण्याची टाकी पडणार, हे त्यांनी छातीठोक सांगितलं आणि लोकांना थंडीत मैदानात झोपायला लावलं. टाकी जागची हलली नाही. मोहनाला मात्र खोकला झाला, तो पुढं कितीतरी दिवस रेंगाळला. सोसायटीच्या सेक्रेटरी नयनाबेन तेव्हापासून पाठीमागं त्यांना ‘धरतीकंपकाका’ म्हणायला लागल्या. समोर अर्थात काकाच.

म्हणून आबांनी जेव्हा मागच्या चोकडीतली भेग दाखवली तेव्हा कुणी ती मनावर घेतली नाही. तळमजल्यावरच्या त्यांच्या घरामागं कपडे धुवायची चोकडी होती. तिची गुडघाभर उंचीची भिंत घरापासून थेट कंपाउंडपर्यंत जायची. त्या भिंतीत मधोमध, वरून खालपर्यंत, एक बारीक रेघ आली होती. सगळे म्हणाले, भूकंपाची आहे. आबा म्हणाले, नाही. भूकंपाची भेग एकदा येते आणि गप्प बसते, ही रोज थोडी सरकते आहे. कंपाउंडच्या पलीकडं गजेंद्रभाई नावाच्या बिल्डरनं दुकानांच्या मोठ्या इमारतीसाठी तळघराचा खड्डा खणायला घेतला होता. भूकंपानंतर काही दिवस थांबलेला जेसीबी आता पुन्हा दिवसभर गुरगुरत होता. माती सोसायटीच्या कंपाउंडला अगदी चिकटून, चाकूनं ढोकळा कापावा तशी उभी कापलेली.

आबांनी नयनाबेनना सांगितलं, गजेंद्रभाईंच्या माणसांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मग त्यांनी काचवाल्याकडून बोटभर रुंदीच्या तीन पट्ट्या कापून आणल्या आणि भेगेवर आडव्या बसवल्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा एकेक गोळा आणि मध्ये काच. भिंत हलली तर काच ताण सोसणार नाही, फुटेल. त्यांच्या रस्त्यावर हिला ‘गवाह’, म्हणजे साक्षीदार, म्हणत.

रस्ता म्हटलं की आबांच्या लेखी एकच. चीनच्या लढाईत जवान खेचरांच्या वाटेनं बर्फात चढले आणि त्यांच्यामागून ना दारूगोळा पोचला, ना लोकरीचे कोट. डोंगराच्या ह्या बाजूला रस्ताच नव्हता. लढाई संपल्यावर सरहद्दीवर रस्ते करायला माणसं भरती होऊ लागली. पिढ्यान्‌पिढ्या संस्थानच्या कचेरीत लेखणी चालवलेल्या घरातले सुभानराव डिप्लोमाचा कागद घेऊन ओव्हरसियर म्हणून गेले ते थेट सिक्कीमच्या वरच्या अंगाला. निवृत्त होईस्तोवर ते डोंगरच कापत राहिले.

मोहना जेवायला त्रास द्यायची, म्हणून आबा तिला रस्त्याच्या गोष्टी सांगत. कौमुदीच्या कानावर त्या कुकरच्या शिट्ट्यांमधून पडायच्या. आधी दोरीला लटकलेली माणसं कड्याला भोकं पाडायची. भोकात दारू ठासायची, बत्ती द्यायची. धूर विरला की कड्याला एक पाऊल मावेल एवढी जागा व्हायची. त्या जागेवर उभं राहायचं आणि पुढचं भोक पाडायचं. अशा पावलांची पायवाट, पायवाटेची जीपवाट, जीपवाटेचा ट्रकचा रस्ता. पावसाळ्यात डोंगर तो रस्ता परत मागून घ्यायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. डोझर वर जाईना तेव्हा त्याचे सुटे भाग करून चढवले. खडी फोडायला नेपाळच्या, बिहारच्या बायका, पाठीला मुलं बांधलेल्या.

मोहनाला त्यातला ‘नजरवाला’ फार आवडायचा. दरड कोसळायच्या जागी प्रत्येक टोळीत असा एक माणूस असे. त्यानं फावडं धरायचं नाही, विडी ओढायची नाही, कुणाशी बोलायचं नाही. रस्त्याकडं पाठ, डोंगराकडं तोंड आणि गळ्यात पितळी शिट्टी. डोंगर येण्याआधी खडे पाठवतो, मग माती पाठवतो. ते बघणं एवढंच त्याचं काम.

“आणि खाली त्याचं बाळ असलं तर?” मोहना दर वेळी विचारायची.

“तरी खाली बघायचं नाही,” आबा दर वेळी सांगायचे.

हे काय लहान मुलीला सांगायचं, असं कौमुदीला वाटायचं. ती गृहविज्ञान शिकलेली होती. मुलांना काय सांगावं, काय हाताला लागू द्यावं, दूध किती उकळावं, हे सगळं तिला ठाऊक होतं आणि ठाऊक असल्यामुळं तिला क्षणभर चैन नसे. प्लगांना तिनं चिकटपट्ट्या लावल्या होत्या, टेबलाच्या कोपऱ्यांना कापूस बांधला होता. मोहना झोपली की तिच्या नाकापुढं बोट धरून ती श्वास बघायची. नवरा दिग्विजय बाजव्याकडच्या कारखान्यात होता, पहाटे निघायचा. तो हसून म्हणायचा, ह्या घरात दोन चौकीदार आहेत, एक भिंतीचा आणि एक पोरीचा, मला तर पगार आणण्यापुरतं ठेवलंय.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरल्यावर आबांनी कौमुदीला चोकडीत नेऊन काचा दाखवल्या होत्या आणि नंतर मोहनाला भरवताना ते सांगणं सांगितलं होतं. दुसरा डोळा आधीच धुरकट झालेला. तेव्हा ऑपरेशननंतर काही दिवस काच तिनंच बघायची.

ऑपरेशन झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून आबा पुढच्या खोलीत पडून राहिले. वाकायचं नाही, धूळ लागू द्यायची नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कौमुदी कपडे धुवायला गेली तर मधली काच फुटलेली. मधोमध तुटली होती आणि दोन्ही अर्धुकं आपापल्या सिमेंटच्या गोळ्यात घट्ट होती. चोकडीच्या भिंतीवर बोटं फिरवत चालायची मोहनाला सवय होती. कौमुदीच्या डोळ्यांसमोर एकदम त्या इवल्या बोटांतून रक्त आलं. हिनंच बादली आपटली असणार, असं मनाशी म्हणत तिनं बत्ता आणला आणि तिन्ही काचा ठोकून काढल्या. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळून कचऱ्यात टाकल्या, कचरा बाहेर नेऊन ठेवला, चोकडी दोनदा धुतली. हाताला एक कणसुद्धा लागत नाही ना, हे तळव्यानं चाचपून बघितलं.

दुपारी आबांनी पडल्या पडल्या विचारलं, “काच कशी आहे?”

“ठीक आहे,” ती म्हणाली. आजारी माणसाशी वाद कशाला घालायचा? पट्टी निघाली की सांगू, म्हणजे नव्या काचा जरा उंचावर लावतील.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळेच्या सुमारास, कौमुदी मोहनाचे फ्रॉक वाळत घालायला मागं गेली. घराच्या भिंतीतल्या हुकापासून कंपाउंडवरच्या लोखंडी पट्टीपर्यंत नायलॉनची दोरी होती. ती इतकी सैल असायची की ओल्या चादरीचं टोक जमिनीला लागे. किती दिवस ती दिग्विजयला सांगत होती, दोरी ओढून बांधा. तिनं एकामागून एक तीन फ्रॉक टाकले आणि दोरी खाली आलीच नाही. तिनं बोट लावलं. तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ.

बांधली वाटतं ह्यांनी, असं तिच्या मनात आलं. पण हुकाजवळची गाठ जुनीच होती, मळकी. पलीकडची गाठही जुनीच. दोन्ही गाठी जागच्या जागी आणि दोरी ताठ. म्हणजे दोरी कुणी ओढली नव्हती. कंपाउंडच लांब गेलं होतं.

तिनं चोकडीच्या भिंतीकडं बघितलं. रेघेत आता नख जात होतं. आणखी एक गोष्ट तिला आठवली. हल्ली कपड्यांचं पाणी मोरीपर्यंत पोचायच्या आतच नाहीसं होत होतं. चोकडी पटकन सुकते म्हणून ती मनातून खूशच होती. ते पाणी कुठं जात होतं?

मोहना मागच्या खोलीत निजली होती, ह्याच भिंतीला डोकं लावून. कौमुदीनं तिला दुलईसकट उचललं आणि पुढच्या खोलीत आली. आबांपुढं उभी राहिली. मग तिनं सगळं सांगितलं, दोरीचं, पाण्याचं, आणि काच काढल्याचं.

आबा उठून बसले. “फुटली होती ती कशी होती? चुरा झाला होता?”

“नाही. मधोमध. दोन्ही तुकडे चिकटलेलेच होते.”

“मुलाच्या हातानं फुटली तर तुकडा पडतो,” आबा सावकाश म्हणाले. “कधी?”

“काल सकाळी.”

ती ओरडा खायच्या तयारीत होती. तो झाला नाही. आबांनी हातानं चपला शोधल्या. “आमच्याकडंही साफच केल्या होत्या. मोठे साहेब तपासणीला येणार होते. दगडांना चुना लावला, रस्ता झाडला, भिंतीवरच्या काचाही काढल्या. चांगली माणसं होती सगळी. नीटनेटकं करत होती.” त्या भिंतीखाली त्या दिवशी कोण होतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिला विचारवलं नाही. “आधी घर रिकामं कर. मग वरची माणसं. शिट्टी कुठाय?”

पितळी शिट्टी मोहनाच्या खेळण्यांच्या टोपलीत होती.

नयनाबेन जेवायला बसल्या होत्या. कौमुदीनं झोपलेली मोहना त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दोन्ही मजल्यांवरची माणसं खाली उतरवून खड्ड्यापलीकडच्या रस्त्यावर जा म्हणाली. नयनाबेन काही तरी बोलायला गेल्या, पण तिच्या तोंडाकडं बघून ताट सारून उठल्या. तीन वर्षांत कौमुदीनं मोहनाला अशी कुणाच्या मांडीवर टाकून पाठ फिरवलेली त्यांनी पाहिली नव्हती.

खड्ड्यात उतरायची वाटही त्याच रस्त्यावरून होती. सासरे सुनेच्या खांद्यावर हात ठेवून भरभर चालले होते. उन्हात ती हिरवी पट्टी लोकांना लांबून दिसत होती. खड्ड्याच्या काठाशी आल्यावर कौमुदीनं खाली पाहिलं. भर दुपारी त्या सबंध खड्ड्यात सावलीची एकच जागा होती, सोसायटीच्या बाजूच्या उभ्या मातीखाली. सगळे मजूर तिथंच भाकरीची फडकी सोडून बसले होते. दाहोदकडची माणसं, बायामुलांसकट आलेली. खड्ड्यावरच्या चौकीदाराच्या बायकोनं दोन टिकावांना ओढणी बांधून बाळाची झोळी केली होती, तीही तिथंच. जेसीबी थोड्या अंतरावर चालूच होता.

आबांनी मुकादमाला हाक मारली, माणसं तिथून उठव म्हणाले. मुकादम हातातली चहाची बशी न ठेवता वर बघून हसला. “काका, धरतीकंप तो गयो. हवे घरे जईने आराम करो.” भूकंप गेला, आता घरी जाऊन पडा, म्हणे. दोघं-तिघं हसली. आबा पुन्हा म्हणाले. तो म्हणाला, गजेंद्रभाईंना फोन करा, ते म्हणतील तर उठवतो.

आबांनी वाद घातला नाही. कौमुदीला पुढं घेतलं आणि तिच्या दोन्ही खांद्यांना धरून तिला मातीच्या भिंतीकडं वळवलं.

“मला दिसत नाही. तू बघ. फक्त माती. माणसांकडं बघू नकोस, झोळीकडं नाही, मागं रस्त्याकडं तर मुळीच नाही. जे दिसेल ते बोल.”

मागं रस्त्यावर मोहना होती, जागी झाली असेल तर रडत असेल. कौमुदीच्या मानेची शीर न् शीर मागं वळू पाहत होती. तिनं ओठ आवळून समोर नजर लावली. पिवळट माती, तिच्यावर नखांनी ओरबाडल्यासारखे यंत्राच्या दातांचे वळ. वर कंपाउंड. कंपाउंडच्या खाली, त्यांच्या चोकडीच्या सरळ रेषेत, मातीवर एक काळपट ओला पट्टा खालपर्यंत उतरलेला. तिच्याच बादल्यांचं पाणी. आणि कंपाउंडच्या वर, निळ्या आभाळात, ताठ दोरीवर मोहनाचे तीन फ्रॉक.

“ओल आहे. मधोमध.”

“पुढं.”

“माती गळतेय. थोडी. साखर सांडावी तशी.”

“थांबते?”

“थांबली. पुन्हा सुरू झाली.”

“पुढं बघ.”

खालून कुणी तरी काही विनोद केला, बायका हसल्या. झोळीतलं बाळ किंचाळलं. बाळाच्या आवाजाला कौमुदीची मान आपोआप वळायला लागली, तशी आबांची बोटं तिच्या खांद्यात रुतली. ती पुन्हा वर बघायला लागली. माती आता थांबत नव्हती.

“सलग गळतेय, आबा. आणि—”

तीन फ्रॉक एकदम खाली गेले.

“दोरी तुटली,” ती म्हणाली.

आबांनी शिट्टी तोंडात धरली. तो आवाज तिनं आधी कधी ऐकला नव्हता. मोहना वाजवायची ती पिपाणी वेगळी. ही एकच लांब, थरथरत नाही अशी, संपतच नाही अशी शिट्टी. जेसीबीवाल्यानं दचकून इंजिन बंद केलं. त्या शांततेत सगळ्यांनाच तो आवाज ऐकू आला, मातीच्या पोटातून ओलं कापड फाटल्यासारखा. पहिली उठली चौकीदाराची बायको. तिनं मातीकडं पाहिलं नाही, कौमुदीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि झोळीतलं मूल ओढून धावत सुटली. मग सगळेच धावले. “आडवे पळा, बाजूला,” आबा शिट्टी सोडून हिंदीत ओरडत होते. मुकादम अर्ध्यातून डब्यासाठी मागं वळला.

कंपाउंड आधी वाकलं, मग बसलं, मग दिसेनासं झालं. चोकडी, दोरी, फ्रॉक, सगळं मातीबरोबर खाली गेलं. धूळ एवढी उठली की दिवसाढवळ्या समोरचं दिसेना.

त्या धुळीत आबांनी डोळ्यावरची हिरवी पट्टी ओरबाडून काढली. माणसं बाहेर येत होती आणि ते प्रत्येकाला हात लावून मोजत होते, बायका वेगळ्या, मुलं वेगळी, जसं दरडीनंतर मोजतात. कौमुदी त्यांना ओढत होती, आबा, डोळा, आबा, धूळ. ते हात झटकत होते. मोजणी पुरी झाली, फक्त मुकादम नव्हता. त्याला मजुरांनी कमरेपर्यंतच्या मातीतून उकरून काढलं. पाय मोडला होता, जीव होता. तेव्हा कुठं कौमुदीनं मागं वळून बघितलं. रस्त्यावर नयनाबेनच्या कडेवर मोहना जागी होती. रडत नव्हती. आजोबांची शिट्टी ऐकून खूश होऊन ती टाळ्या वाजवत होती.

आबांचा डोळा पिकला. दवाखान्याच्या फेऱ्या झाल्या, पुन्हा ऑपरेशन झालं, पण त्या डोळ्यानं आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. दुसऱ्यानं माणसाचा आकार कळतो, चेहरा नाही. कौमुदीनं माफी मागायला तोंड उघडलं की ते म्हणत, दोरी कुणी बघितली? आणि विषय बदलत.

पुढं दिग्विजयला सुरतेकडं नोकरी मिळाली. आबांनी हरणी सोडली नाही. मागची भिंत नव्यानं बांधली आहे, तिच्यावर त्यांनी चाचपडत स्वतः एक काच बसवली आहे. रोज सकाळी ते तिच्यावरून बोट फिरवतात. पण ती बोटं सिमेंट-दगडानं निबर झालेली आहेत. केसाएवढी चीर त्यांना कळेल, ह्याचा कौमुदीला भरवसा नाही. आणि गेल्या महिन्यात नयनाबेननी कळवलं, डावीकडच्या मोकळ्या प्लॉटला पत्रे लागलेत, आत यंत्र आलंय. कौमुदीनं आबांना फोन केला, सुरतेला या म्हणून विनवलं, काच कशी आहे म्हणून विचारलं. ते म्हणाले, “ठीक आहे.”

तिनंही एकदा असंच म्हटलं होतं. ती लगेच निघाली असती, पण मोहनाला कांजिण्या आल्या आहेत आणि दिग्विजय बाहेरगावी आहे. म्हणून बडोद्याला जाणारं कुणीही भेटलं की ती सांगते, आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचं हरणीकडं जाणं होणार असेल तर तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे: सुभानरावांच्या घरी एकदा डोकावून या. चहा घ्या, रस्त्याच्या गोष्टी ऐकाव्या लागतील, ऐका. मग हात धुवायचं निमित्त करून मागं जा आणि भिंतीवरची काच नीट, उजेडात बघा. अख्खी असली तर तसं कळवा. फुटलेली असली तर तिला हात लावू नका. आधी त्यांना बाहेर काढा, मग तिला फोन करा.